लेकींचा उंडा

पारनेर तालुक्यात नदीच्या एका वळणावर पिंपळडोह नावाचं गाव आहे. नदी बारा महिने वाहत नाही. पण वळणावरच्या काळ्या कातळात एक खोल डोह आहे आणि त्याच्या काठावर डोहाईचं ठेंगणं देऊळ. या डोहातले मासे कोणी धरत नाही, की त्यांना मासेही म्हणत नाही. त्या डोहाईच्या लेकी, माहेरी आलेल्या. माहेरी आलेल्या लेकीला घरात सगळ्यांच्या आधी वाढायचं, म्हणून देवीची पूजा ज्या गुरवाच्या घरी आहे त्या घरच्या काठवटीतला पहिला उंडा रोज सकाळी डोहात जातो. भाकरी होते ती दुसऱ्या उंड्याची.

डोहात मरळही आहेत. लांबट, काळपट, कपारीत सुस्त पडून राहणारे आणि लहान मासे गिळणारे. त्यांना गावानं जावई हे नाव ठेवलंय. लेकी बिचाऱ्या धावत वर येतात, जावयाला मात्र बसल्या जागी आणून द्यावं लागतं, असं बायका म्हणतात आणि आपापला जावई आठवून हसतात.

छबूबाई गुरवाच्या या घरात आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. सासूनं, साळूबाईनं, तिला आधी उंडा करायला शिकवलं. पीठ कसं मळायचं, त्याचे बोराएवढे तुकडे कसे तोडायचे, पाण्यावर हात कसा फिरवायचा. हात फिरला की सोनेरी तांबूस अंगाच्या लेकी वर येत आणि बोटांना तोंडं लावून खात. छबूबाईची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरी चांगुणा जगली. ती जगली ती डोहानं राखली म्हणून, असं साळूबाई मरेपर्यंत सांगत होती, आणि मरताना तिनं सुनेचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "लेकींना उपाशी ठिवू नको."

छबूबाईनं तो शब्द पाळला. नवरा गहिनीनाथ दम्यानं बेजार असे. उन्हाळ्यात धुरळा उठला की तो दाराच्या चौकटीला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून बसे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात असा दम लागलेला असताना छबूबाईनं अंगात ताकद यावी म्हणून आग्रहानं त्याला चतकोर भाकरी खायला लावली होती. दोन घासांत तो निळा पडला आणि ओकून आडवा झाला. तेव्हापासून नवऱ्याला दम लागला की ती समोरचं ताट उचलून ठेवी आणि नुसता वारा घाली. हे तिच्या हाताच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचा वेगळा विचार ती करत नसे.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. नदी श्रावणातच तुटली. पौषापर्यंत विहिरींनी तळ दाखवला. लोक दुष्काळी कामावर जाऊ लागले. गावापासून कोसभर अंतरावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. रेशनवर मिलो ही लाल परदेशी ज्वारी मिळे, कामावर सुखडी मिळे. मिलोची भाकरी चिरून पडे आणि खाल्ली तरी पोटात राहिल्यासारखी वाटत नसे. चांगुणाचं सासर कर्जतच्या बाजूला. तिथं प्यायलाही पाणी उरलं नाही तेव्हा नवरा साखर कारखान्याकडं काम शोधायला गेला आणि ती माहेरी आली. दिवस गेलेले. तरी आली तशी दुसऱ्या दिवसापासून खडी फोडायला जाऊ लागली.

डोह मात्र होता. तो कधीच आटला नव्हता, हे गावाला सांगायला आवडे. पण चैत्र लागता लागता पाणी कातळाच्या पायऱ्या उतरत इतकं खाली गेलं की साळूबाईनंही कधी न पाहिलेली पायरी उघडी पडली. पाणी हिरवं आणि जाड झालं. दुपारी हात घातला तर आंघोळीला विसणावं तसं कोमट लागे. आणि लेकी बदलल्या. डोकी तेवढीच राहिली, पण पाठी अरुंद झाल्या. खवल्यांखालचं मांस कोणीतरी आतून खरवडून काढावं तशा दिसू लागल्या. पहाटे पहाटे त्या सगळ्या वर येत आणि पाण्याच्या वर तोंडं काढून नुसत्या आ करत राहत.

"मागत्यात बिचाऱ्या," बायका म्हणत.

छबूबाईलाही तेच वाटे. आ केलेल्या तोंडाचा दुसरा अर्थ त्या सालात कोणाला सुचणार? सगळ्या तालुक्याची तोंडं तशीच उघडी होती. तिनं उंडा मोठा केला. आपल्या वाटच्या पिठातून केला, कारण गहिनीनाथला कमी करता येत नव्हतं आणि चांगुणाला करायचं नव्हतं. तरी चांगुणाची भाकरी पातळ होत गेली.

"आये, माहेरवाशीन मी बी हाय की," चांगुणा एकदा काठवटीकडं बघत म्हणाली.

"हायेस की. पर तुला कामावर सुखडी मिळती. त्यांना कुठलं दुष्काळी काम?"

"त्यांना कामाला लावलं तर खडी तरी बारीक हुईल," चांगुणा म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसू लवकर संपलं.

त्याच सुमारास नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सुमेधा गर्गे एस.टी.नं गावात आल्या. दुष्काळात आटलेल्या पाण्यातले मासे कसे तग धरतात, हे त्या तळ्या-डोहांवर फिरून पाहत होत्या. वय तिशीच्या आतलं, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात बाटल्या आणि दोरी बांधलेलं तापमापक. गावानं आधी त्यांना देवीची भक्त समजून नारळ पुढं केला. मग त्यांनी दोरी पाण्यात सोडली तेव्हा चार माणसं पाठीशी येऊन उभी राहिली.

"मावशी, रोज किती घालता यांना?" त्यांनी विचारलं.

छबूबाईनं दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "आदी येवढा नव्हता घालत. पर आता लई भुकेल्यात."

सुमेधाबाई बराच वेळ पाण्याकडं बघत राहिल्या. मग पायरीवर छबूबाईच्या शेजारी बसल्या. "मावशी, ह्या भुकेनं तोंड उघडत नाहीत. ह्यांना श्वास पुरत नाहीये. पाण्यात मुरलेल्या हवेवर मासा जगतो. पाणी तापलं की हवा कमी मुरते. आणि त्याच पाण्यात माशाच्या अंगातली चूल मात्र जोरात पेटते. चूल पेटलेली आणि वारा कमी. सरपण पुरत नाही म्हणून आधी अंगावरची चरबी जळते, मग मांस. म्हणून पाठी अशा झाल्यात."

"मग सरपन घालाया नगं का? त्येच तर घालती मी."

"अन्न पचवायलाही हवा लागते. ती कुठून आणायची? आणि खाल्लं नाही ते तळाशी कुजतं, ते कुजतानाही पाण्यातली हवाच खातं." त्या थांबल्या. "खाणं बंद करा. मासा महिना महिना न खाता राहू शकतो. आणि निम्म्याहून जास्त मासे इथून हलवा. पाण्याचा टँकर येतो ना? परत जाताना पिंपं भरून धरणात नेऊन सोडता येतील. राहिलेल्यांना तरी हवा पुरेल."

हे ऐकून संध्याकाळी देवळापुढं माणसं जमली. गावचे कारभारी म्हणून काकासाहेब औटी बोलत. माणूस वाईट नव्हता; टँकर गावात यावा म्हणून तहसील कचेरीत त्यानं चपला झिजवल्या होत्या. पण त्याच्या बोलण्याला नेहमी थोडी धार असे.

"बाई, तुमी शिकलेल्या. आमचं एक ऐका. दुष्काळ पडला म्हनून माहेरी आलेल्या लेकीला कोन घराबाहेर काढतं का? आनि ती बी पिंपात घालून?"

लोक हसले. सुमेधाबाई हसल्या नाहीत. "राहिल्या तर सगळ्याच मरतील," त्या म्हणाल्या.

"अन धरनात सोडल्या म्हंजे तिथले भोई काय आरती ववाळतील त्यांना? सांजच्याला रश्श्यात असत्याल." काकासाहेबांनी छबूबाईकडं पाहिलं. "गुरवीनबाई, मान तुमचा हाय. तुमी सांगा. धाडायच्या का लेकी?"

छबूबाईनं पदर सावरला. इतक्या पुरुषांत ती कधी बोलली नव्हती. तिला सासूचा शेवटचा शब्द आठवला आणि पाळण्यात गेलेली दोन मुलं आठवली. "न्हाई," ती म्हणाली. "माझ्या हातनं न्हाई हुयाचं."

सुमेधाबाईंनी वाद घातला नाही. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "मग निदान घालू तरी नका, मावशी."

ते मात्र छबूबाईच्या मनात राहिलं. पुढचे काही दिवस तिनं उंडा केला नाही. पहाटे ती रिकाम्या हातानं पायरीवर जाई. लेकी वर येत, तिच्या सावलीकडं वळत, आ करत. ती तोंड फिरवून घरी येई. पाणवठ्यावर बायकांनी हेरलं.

"सरकारी बाई काय आली, अन देवीच्या लेकींचं रेशन बंद झालं."

"चांगुनाच्या पोटात गेलं आसंल. लेक ती लेक."

चांगुणानं हे ऐकलं आणि त्या रात्री जेवली नाही. छबूबाईला ते सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा उंडा केला, सगळ्यांना दिसेल असा मोठा.

मग आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पिंपळडोहात आखितीला प्रत्येक घरातून डोहाला उंडा जातो. त्या वर्षी माणसांना वाटलं की कमी पडायला नको, याच वर्षी नको. कामावरून सुट्टी होती. बायका मिलोचे लाल उंडे घेऊन आल्या, कोणी सुखडी आणली, कोणी पोरांच्या हातातला तुकडा काढून आणला. ज्यांच्या घरी दोन दिवस चूल धड पेटली नव्हती त्यांनीही मूठभर पीठ आणलं. काकासाहेबांनी गुळाचा खडा फोडून टाकला. हे सगळं छबूबाईच्या हातून पाण्यात जात होतं. लेकी आधी सावकाश आल्या. मग एकीनं घास घेतला तशी दुसरीनं घेतला. छबूबाईनं त्यांच्याशी बोलत बोलत चारलं. "घे बाई, घे. आज पोटभर घे." जे खाल्लं गेलं नाही ते फुगून तळाशी बसलं. जावई कपारीतून हलले नाहीत. अधूनमधून एखादा वर येऊन हवेचा घोट घेई आणि परत जाई.

त्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आलं, पण पडलं नाही. वारा मेला. गहिनीनाथला दम लागला आणि छबूबाई त्याला वारा घालत चौकटीशी बसली. नेहमीप्रमाणे तिनं त्याचं ताट उचलून फळीवर ठेवलं होतं.

उजाडताना ती डोहावर गेली तेव्हा पाणी दिसेना. पांढऱ्या पोटांनी डोह झाकला होता.

ती पायऱ्या उतरून पाण्यात शिरली आणि एकेक लेक उलटी करून पाहू लागली, जणू एखादी चुकून पाठीवर पडली असेल. गाव जमलं. मग काकासाहेबांनी पुरुषांना हाक मारली. देवीच्या लेकी खाता येत नाहीत. त्यांना मूठमाती द्यावी लागते. म्हणून देवळामागं खड्डा खणला गेला. ज्यांनी चार महिने धड काही खाल्लं नव्हतं अशी माणसं पाट्या भरभरून मासळी नेत होती आणि मातीत लोटत होती. एका म्हाताऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं छबूबाईला दिसलं. त्यानं मान खाली घातली आणि पाटी रिती केली.

खड्ड्याच्या कडेला एका मोठ्या लेकीचं पोट कावळ्यांनी फाडलं होतं. छबूबाई त्यांना हाकलायला गेली आणि तिथंच थबकली. फाटक्या पोटातून लाल पीठ बाहेर आलं होतं. काल मळलं होतं तसंच, न विरघळलेलं. पाठीवर मांस नव्हतं, कातडीला कातडी लागली होती. आणि पोट भरलेलं होतं.

ती खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढं चौकटीला टेकून आ करणारा नवरा आला, आणि आपण त्याच्यापुढून उचललेलं ताट. इतकी वर्षं जे घरात एका तोंडापुढून उचलत आलो, तेच आपण डोहात कोंबत होतो. सुमेधाबाईंचं चुलीचं आणि वाऱ्याचं बोलणं तिला तेव्हा कळलं नव्हतं, ते आता कळलं.

"देवीनं लेकी सासरी धाडल्या," काकासाहेब लोकांना सांगत होते. आवाज बसला होता. "जेवून-खाऊन, वटी भरून गेल्या. उपाशी न्हाई गेल्या. येवढं तरी समाधान."

लोकांना ते ऐकून बरं वाटलं. कारण प्रत्येकानं आदल्या दिवशी आपल्या तोंडचा घास आणला होता.

सगळ्याच मेल्या नव्हत्या. देवळाच्या बाजूला, जिथं कातळातून एक झिरा अजून टिपकत होता, तिथं थोड्या राहिल्या होत्या. त्याही आ करत होत्या. बातमी कळून सुमेधाबाई पुन्हा आल्या. मी सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. पायरीवर बसून राहिल्या. छबूबाईनंच विचारलं, "ह्या हायेत त्यांचं काय करू?"

"काही टाकू नका. दुसऱ्या कोणाला टाकू देऊ नका. झिऱ्यावर फांद्या घालून सावली करा. नदी येईपर्यंत एवढंच."

छबूबाईनं बाभळीच्या फांद्या ओढून आणल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून ती हातात काठी घेऊन पायरीवर बसू लागली. कोणी उंडा घेऊन आलं की उठून आडवी होई. पहिल्या बाईनं ते हसण्यावारी नेलं, दुसरीनं शिव्या दिल्या, आणि चौथ्या दिवशी काकासाहेब चार माणसं घेऊन आले.

"गुरवीनबाई, तुमचा मान लेकींना चारायचा हाय. अडवायचा न्हाई. राहिलेल्या बी घालवता का उपाशी?"

"त्या उपाशी न्हाई मेल्या, काकासाहेब. मी पोट बघितलं. पीठ जसंच्या तसं हुतं. आपुन चारून मारल्या."

गहिनीनाथ देवळाच्या ओट्यावर टेकला होता. बोलायला त्याला कष्ट पडत. "मला दम लागल्यावर... ही माझ्यापुढं भाकरी ठिवीत न्हाई," तो थांबून थांबून म्हणाला. "ठिवली असती... तर तुमच्या मागचं माझं रडगानं कवाच संपलं असतं."

एकदोघे हसले. पण हसण्यानं काही बदललं नाही. आपल्या मुठीतल्या पिठानं देवीच्या लेकी मेल्या हे घरी नेता येण्यासारखं नव्हतं. त्याच संध्याकाळी पंचांनी डोहाचा मान छबूबाईच्या घरून काढला आणि तिच्या धाकट्या जावेच्या, लंकाबाईच्या घरी दिला.

लंकाबाई वेगळी राहत होती. जावांमध्ये फारसं सूत नव्हतं. वाटणीत गेलेल्या एका हंड्यावरून दोघी बरीच वर्षं नीट बोलल्या नव्हत्या. तरी दिवेलागणीला छबूबाई तिच्या दारात गेली.

"अक्का, मान मी मागितला न्हाई," लंकाबाई आधीच म्हणाली.

"त्येच्यासाठी न्हाई आले. हंडा बी ऱ्हाऊ दे तुलाच." छबूबाई उंबऱ्याशीच बसली. "लंके, नदी येईस्तोवर टाकू नको. तुझ्या पाया पडते."

"अन गावाला काय सांगू? तुझा मान गेला तसा माझा बी जाईल."

"गावाला दिसू दे की टाकलं. उंडा पदरात ने. पान्यावर वाक, हात फिरीव. आन उंडा माघारी आन."

लंकाबाई म्हणाली, "देवीला फसवायचं व्हय?"

"देवीला न्हाई. गावाला."

दुसऱ्या दिवसापासून लंकाबाई पहाटे उंडा घेऊन जाई, पाण्यावर वाके, हात फिरवे. छबूबाई आता पायरीवर बसत नव्हती. तिला देवळाच्या आवारात यायची मनाई नव्हती, पण कोणी तिच्याशी बोलत नसे. ती आपल्या दारातून बघे. उंडा पदराखाली माघारी येई. लंकाबाईला तो आपल्या काठवटीत परत टाकायचा धीर होत नसे; एकदा देवीच्या नावानं काढलेलं पीठ घरात कसं थापायचं? म्हणून ती मागच्या दारानं येऊन तो छबूबाईच्या चुलीशी ठेवी आणि न बोलता जाई. छबूबाई त्याची भाकरी करी आणि चांगुणापुढं ठेवी.

"ही कुनाच्या वाटची?" पहिल्या दिवशी चांगुणानं विचारलं.

"लेकीच्या," छबूबाई म्हणाली.

चांगुणानं खाल्ली. पण उशीर झाला होता. ज्येष्ठात ती दिवस भरायच्या आधी बाळंत झाली. पोर श्वास घ्यायला लागण्यापूर्वीच गेलं. चांगुणा वाचली.

आषाढात वरच्या अंगाला पाऊस झाला आणि नदी आली. डोह भरला. दोन दिवस पाणी गढूळ होतं. मग निवळलं, तेव्हा लंकाबाईनं पहिल्यांदा खरा उंडा पाण्यात सोडला. सगळं गाव काठावर होतं. जरा वेळ काहीच झालं नाही. मग झिऱ्याच्या बाजूनं अरुंद पाठीच्या लेकी आल्या, अगदी थोड्या, आणि खाल्लं. काकासाहेबांनी हात जोडले. लंकाबाईच्या हाताला गुण आहे, असं त्या दिवशी गावानं ठरवलं, आणि ते आजही तसंच मानतात.

छबूबाई आपल्या दारात होती. चांगुणा तिला म्हणाली, "आये, बग जा की. तू राखल्यास."

"राखल्या त्या तेवढ्या," छबूबाई म्हणाली. "त्या खड्ड्यात हायेत त्या कुनी राखायच्या?" ती गेली नाही.

मान त्या घरी परत आला नाही आणि छबूबाईनं मागितलाही नाही. पुढं गहिनीनाथ वारला, चांगुणा सासरी गेली. छबूबाई रोज पीठ मळे तेव्हा पहिला उंडा बाजूला काढायला तिचा हात सवयीनं जाई, आणि मग ती तो परत काठवटीत घेई. लंकाबाई मात्र दर वर्षी वैशाखात, पाणी उतरलं की, पदरात उंडा घेऊन जात राहिली आणि तसाच माघारी आणत राहिली. म्हातारपणी तिनं सुनेलाही तेच शिकवलं. का, ते सुनेनं विचारलं नाही.